जावयाची एलन की

अहो, ऐकलंत का? जरा अलीकडं या, त्यांची खिडकी उघडीच असते. त्या गिटारचं मिटलं एकदाचं! मिटलं हे तुम्हालाही कळलंच असेल म्हणा, कालपासून टिंगटिंग नीट ऐकू येतंय. पण कुणी मिटवलं ते कळलं का? नाही ना? मग ती मेथी राहू द्या तिथंच.

धाकट्यानं मागवलं होतं ते. लातूरला नीटच्या क्लासला होता, परीक्षा झाली आणि आल्या आल्या गिटारचा हट्ट. बापानं 'नाही' म्हटलेलं तर आख्ख्या गल्लीनं ऐकलं. मग आजीनं काय करावं? गुपचूप दोन बोकड विकले. आपली उस्मानाबादी शेळी हो, जुळं देते, त्यातलेच ते. पैसे नातवाच्या हातात ठेवले आणि वर म्हणाल्या, "बाजा घी नाहीतर गाढव घी, पर त्वांड वाकडं करू नगं." आता बाजा म्हणजे त्यांना आपलं हार्मोनियम वाटलं होतं! खोक्यातून ते लाल चकचकीत इलेक्ट्रिक गिटार निघालं तेव्हा आजींचा चेहरा... जाऊ दे. पोकळी नाही, भोक नाही, नुसती सपाट लाकडाची फळी. म्हणाल्या, "ह्यात आवाज कुठं ऱ्हातो?"

आवाज त्या वायरीतून येतो म्हणे, बाजूच्या छोट्या अँपमधून. पण आला तो आवाज कसा? खर्रर्र. तार छेडली की खर्रर्र. वरच्या टोकाला, जिथं पहिलं-दुसरं बोट ठेवतात ना, तिथं तर काही बोलायची सोयच नाही. पोराचं तोंड एवढंसं. आणि बापाचं एवढं मोठं! "म्या म्हनलंच हुतं," असं एकदा नाही, दिवसभर चाललं होतं त्यांचं. परत पाठवा, पैसे मागा, ग्राहक मंचात जा.

तर बघायला कोण कोण आलं म्हणता? सगळे. भजनी मंडळातले बुवा आले. त्यांनी बोटानं फळीवर टकटक केलं, मान हलवली आणि सांगितलं, थोडी कणीक लावून बघा! पखवाजाला लावतात तशी. अहो, मी पदर तोंडाला धरला. मग शिवणकामवाल्या काकू आल्या, त्यांना गिटारपेक्षा पोराच्या केसांचं पडलं होतं. फर्निचरवाल्यानं एक डोळा मिटून पाहिलं आणि सांगितलं, तारा खाली आल्यात, वर उचला. ते जरा बरं वाटलं ऐकायला. पोरानं लगेच मोबाईलवर बघून खालची घोडी उचलली. घोडीवर सहा तारांना सहा छोट्या खुंट्या असतात, त्यांना बारीक स्क्रू. तारा उंच झाल्या, पण वरच्या टोकाची खरखर जागच्या जागी! आणि उंच तारा दाबून दाबून पोराच्या बोटांना फोड. आजी हळद लावत बसल्या.

रेल्वेतले आजोबा तेवढे शांत. ते म्हणाले, रेडिओवर व्हॅन शिप्ले वाजवायचा इलेक्ट्रिक गिटार, सिनेमातल्या गाण्यांच्या धुना, आम्ही स्टेशनात ऐकायचो, त्याचं तर कधी खरखरलं नाही. झालं, ते स्टेशनात शिरले की मग बार्शी लाईट निघते, हे तुम्हाला ठाऊकच. कॅलथ्रॉप साहेब, अडीच फुटी रूळ, १८९७ ला बार्शीला गाडी, १९११ ला लातूरला, १९२७ ला पंढरपूरच्या पुढं मिरजेला. आणि तोच साहेब पुढं इंग्लंडात विमानातून उडी मारायच्या छत्र्या करायला लागला, हे सांगितल्याशिवाय त्यांचा चहा संपत नाही. पण मिरज ध्यानात ठेवा हं. मिरज लागणार आहे पुढं.

तर काय सांगत होते... हां, जावई! हा महिना धोंड्याचा नाही का. लेक-जावयाला बोलावलेलं, पुरण झालेलं, चांदीचा दिवा, कापड, सगळं. जावईबापू पुण्याकडं कंपनीत क्वालिटीला आहेत. म्हणजे आलेली वस्तू नापास करायची, हेच काम. अधिक महिन्यातला जावई म्हणजे नारायण, त्याला कोण काय म्हणणार? जेवले, ढेकर दिला आणि म्हणाले, "आणा, बघू."

खरं सांगते, माहिती आहे हो माणसाला. मी विरजण मागायला गेले होते, ते तिथंच वाटी घेऊन उभी राहिले. त्यांनी गिटार आडवं धरून एक डोळा मिटला आणि सगळ्यांना समजावलं. ही जी लांब मान आहे, तिच्यावर सहा तारांचा ताण चाळीस-पंचेचाळीस किलोचा. आजी म्हणाल्या, "म्हंजी युरियाचं पोतं!" अगदी तेवढंच. लाकूड एवढ्या ओढीनं पुढं वाकणारच, म्हणून मानेच्या पोटात एक लोखंडी सळई घातलेली असते. पोरगा मधेच म्हणाला, ट्रस रॉड म्हणतात दाजी, अमेरिकेत गिब्सन कंपनीतल्या मॅकह्यूनं काढला, १९२३ चं पेटंट आहे. दाजींना ते मधे बोललेलं आवडलं नाही. ते म्हणाले, "तेच सांगायलोय." सळईच्या टोकाला नट, त्याला एलन की लावायची. आवळली की मान मागं जाऊन सरळ होते, सोडली की तारांच्या ओढीनं पुढं वाकते. मग गिटार उलटं केलं, तर मान अंगाला चार स्क्रूंनीच बसवलेली! पोराचे वडील डोळे फाडून म्हणाले, "म्हंजी चार इस्क्रूवर हाय का समदं?" पोरगा म्हणाला, फेंडरवाल्यांनी १९५० च्या सुमारास हीच पद्धत आणली, मोडली तर मान बदलता येते. बापाला ते मोडायचं ऐकूनच कसंसं झालं.

इथपर्यंत सगळं ठीक. पण पुढं? जावईबापूंनी ठरवून टाकलं की, मान ढिली आहे. नवी वस्तू, प्रवासात हलली, ढिली झाली, आवळा. आणि घातली की एलन, फिरवला अर्धा फेरा. कर्र! सासूबाईंनी डोळे मिटून रामलिंगाचं नाव घेतलं. पोरगा म्हणाला, "दाजी, पाव पाव फिरवा म्हणतेत." दाजी म्हणाले, "कंपनीत रोजचंच हाय आपलं." आणखी थोडं फिरवलं.

मग छेडलं. अहो... काय सांगू तुम्हाला. आधी निदान खर्रर्र तरी येत होतं. आता वरच्या टोकाला तार दाबली की नुसतं थप्प. आवाजच नाही. माझ्या हातातली वाटी तशीच. पोराच्या वडिलांचं तोंड आधी लाल झालं, मग जावयाकडं नजर गेली तसं पांढरं. लेक नवऱ्याकडं बघेना. सासूबाईंनी पानाचं तबक पुढं केलं, म्हणजे विषय संपवा. आणि जावईबापू म्हणाले, "पीसच डिफेक्टिव्ह आहे." केलं नापास!

आता सूनबाई. तुम्ही म्हणाल, तिचं काय मधेच? तीच तर सगळी गंमत. तिचं माहेर मिरज, हे आपण लग्नात ऐकलं आणि विसरलो. आजोबांच्या रेल्वेतल्या ओळखीनं ते स्थळ आलेलं. सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी तिचं घर, वडिलांचं तंबोऱ्या-सतारींना पॉलिश करायचं, नक्षी करायचं काम. मिरजेची वाद्यं म्हणजे काय साधी गोष्ट आहे का? शिकलगार मंडळी मूळची तलवारींना धार लावणारी, तलवारी गेल्या तसे हे लोक पटवर्धनांच्या संस्थानात तंबोरे करायला लागले, फरीदसाहेबांपासून ते आजतागायत. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहायचे. भोपळे जातात ते पंढरपूरच्या बाजूचे, आपल्याच लायनीवरचे. २०२४ ला त्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, पेपरात आलं होतं. आणि आपल्या सासूबाई लग्नात काय म्हणाल्या होत्या? तुमच्या शेजारीच बसल्या होत्या की! "लाकडं तासणारी मानसं हैत, पर पोरगी गोरी हाय." मला नाही बाई विसरायला होत.

तर ती सून आतून सगळं ऐकत होती. चहाचे कप गोळा करायला बाहेर आली, कप घेतले, थांबली. नणदेच्या नवऱ्याला तोंडावर कसं सांगणार? तेही धोंड्याच्या महिन्यात! तर काय केलं असेल? दिराला म्हणाली, अगदी हळू, "भाऊजींना विचारा ना, आधी तार पडद्यांवर टेकलीय का ते बघायचं असतं का म्हणून." गिटारच्या पट्ट्यांना ती पडदे म्हणते, सतारीसारखं. दोन हात लांब बसलेल्या माणसाला दिराकरवी प्रश्न! जावईबापू म्हणाले, "बघ म्हनावं." म्हणजे दिराला नाही, तिलाच, पण दिराकडं बघून.

मग कप ठेवले तिनं खाली. आधी दिराला तारा सुरात लावायला सांगितलं, मोबाईलवर बघून. तारा सैल असताना मापायचं नसतं म्हणे, ताण पुरा असताना मान जशी असते तशी बघायची. मग जाड तार एका हातानं पहिल्या पडद्यावर दाबली आणि दुसऱ्या हातानं खाली, मान जिथं अंगाला जोडते तिथं. दोन्ही टोकं दाबली की तारेची सरळ रेघ होते. आता मधे, सातव्या पडद्यापाशी, तारेखाली किती फट राहते ते बघायचं. किती होती फट? काहीच नाही! तार सगळ्या पडद्यांवर आडवी झोपलेली. म्हणाली, "मान पुढं नाही, मागं गेलीय. आधीच मागं होती."

'आधीच' म्हणाली हं. जावईबापूंनी आवळल्यानं झालं असं नाही म्हणाली. पण ऐकणाऱ्यांना काय कळत नाही होय? दाजींच्या कानाच्या पाळ्या लाल.

तार हलते ती मधे जास्त हलते, टोकांना कमी. म्हणून मान अगदी फुटपट्टीसारखी सरळ चालत नाही, मधे किंचित खोलगट लागते, तारेला हलायला जागा. ती जागाच नव्हती म्हणून वरच्या पडद्यांवर खरखर. आणि फर्निचरवाल्यानं घोडी उचलायला सांगितली तिचा उपयोग खालच्या टोकाला, वर काय होणार कपाळ? पोराला उगाच फोड.

एलन दिराच्याच हातात दिली तिनं. स्वतः नाही धरली. "उलटीकडं. पावच फेरा. आता सूर लावा परत." सळई सोडली की तारा उतरतात, परत सुरात घ्याव्या लागतात, परत मापायचं. परत पाव फेरा. मधे पाणी प्यायला सांगितलं दिराला, लाकडाला जरा वेळ द्या म्हणाली. आणि फट मापायला काय घेतलं असेल? पोराच्या फिजिक्सच्या वहीचं पान फाडून तीन पदरी घडी! घडी तारेखाली अलगद सरकली की पुरे. वडील असंच करायचे म्हणे, कॉलेजातल्या पोरांची गिटारं यायची त्यांच्याकडं कधीमधी.

आता जावईबापूंनाही बरं, आपणही माणसं आहोत. त्यांना काहीतरी करू दिलं पाहिजे. ते म्हणाले, कागदाचं माप काय खरं नाही, फिलर गेज पाहिजे. पोराला पिटाळलं चौकातल्या मोटारसायकलच्या गॅरेजात, टॅपेट सेट करायचं गेज आणायला. आणलं, पाती उघडली, एक पातं तारेखाली घातलं, दुसरं घातलं, आणि ओरडलेच, "पॉइंट टू फाईव्ह! बरोबर पाव मिलिमीटर!" असा चेहरा, जणू मान त्यांनीच बसवली. सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. सून लगेच म्हणाली, "बरं झालं भाऊजींनी मापलं." आहे का नाही हुशार?

मग घोडी खाली घेतली, पूर्वी उचललेली. बाराव्या पडद्यापाशी जाड तारेखाली साधारण दोन मिलिमीटर, बारकीखाली त्याहून थोडं कमी. तेही दाजींनीच मापलं, आता त्यांना सोडवेना! आणि शेवटी बाराव्या पडद्यावर तार नुसती शिवून एकदा वाजवायची आणि दाबून एकदा, दोन्ही सूर सारखे यायला पाहिजेत. दाबलेला चढा आला की घोडीवरची खुंटी मागं सरकवायची. हे मात्र पोरालाच आलं, मोबाईलवर दिसतं म्हणून. बापसुद्धा शेजारी बसून म्हणायला लागले, "आजून जरा माघं." अहो, तेच, ग्राहक मंचवाले!

मग छेडलं. लख्ख. खरखर नाही, थप्प नाही. आजी म्हणाल्या, "आता बोकडाचे पैसे फिटले." आणि तेवढ्यात लाईट गेली. आपल्याकडं काय होणार दुसरं.

अंधारात बसलो सगळे गच्चीच्या पायरीवर, तर मीच विचारलं तिला, बाई, तुमच्या तंबोऱ्यात पण असंच का गं? तर ती बोलायला लागली, आणि इतकी बोलली, इतकी बोलली... लग्न होऊन आल्यापासून ऐकली नव्हती मी तिला एवढी. म्हणाली, तंबोऱ्यात सगळं उलटं असतं. तिथं तार घोडीवर किंचित घासलीच पाहिजे, त्यासाठी घोडी कानसीनं घासून घासून तशी करतात, तिला जवारी काढणं म्हणतात. वर तारेखाली दोरा सरकवायचा, एखाद्या केसाइतका इकडं-तिकडं, की ती झणझण उमटते. तिकडं ज्या घासण्यासाठी कारागीर महिना महिना शिकतात, तेच घासणं गिटारात दोष. जवारी कानानं काढायची, माप नसतं. "गिटारला निदान किल्ली आहे," म्हणाली, "सतारीच्या दांडीत काही नसतं, लाकूडच नीट वाळलेलं निवडावं लागतं."

आजोबांनी विचारलं, मग नवीन वस्तू अशी का आली? तर म्हणाली, लाकूड कुठून कुठून आलेलं असतं, बोटीनं, मुंबईच्या दमट हवेतून, आणि उतरतं आपल्या ह्या उन्हाळ्यात. हात लावून बघा म्हणाली मानेच्या कडेला. बघितला मी. पडद्यांची टोकं बारीक बोचत होती. लाकूड वाळून आकसतं, पडद्याची धातूची पट्टी आकसत नाही, मग टोकं बाहेर येतात. ती कानसीनं घासायची आहेत अजून. आणि मृग लागला, हवा बदलली की मान परत हलणार, परत पाव फेरा इकडं नाहीतर तिकडं. दर हंगामाला बघावंच लागतं. पोराच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "किल्ली फिरवायचे पैसे लागत न्हाईत न्हवं?"

दुसऱ्या दिवशी लेक-जावई गेले. बसस्टँडवर जावईबापू कुणाला तरी फोनवर सांगत होते, आमच्या शिवणकामवाल्या काकूंनी स्वतःच्या कानानं ऐकलं: "सासरवाडीला गिटार सेट केलं, पॉइंट टू फाईव्हला." करा म्हणावं. तिकडं पुण्यात कोण विचारणार.

आणि इकडं सासूबाई! काल देवळात भेटल्या, तर सांगत होत्या, "आमच्या सुनेच्या म्हायेरी तंबोरे हुतात, खाँसायबांच्या गावचे." लाकडं तासणारी माणसं कुठं गेली विचारावंसं वाटलं, पण नाही विचारलं बाई. सकाळी बुवा भजनी मंडळाची वीणा घेऊन आले होते, कितीतरी वर्षं भद्द वाजते ती, आपण सहनच करतो दर एकादशीला. सूनबाई आंघोळीला गेली होती. सासूबाईंनी वीणा हातात घेतली, एक डोळा मिटून जावयासारखं पाहिलं आणि बुवांना म्हणाल्या, "ठिऊन जा. जवारी गेली हाय हिची. बगू आमी."

'आमी' हं!